घरी बिअर: पहिली बॅच कशी लावायची आणि नंतर पैसे कुठे घालायचे

होमब्रूइंगमध्ये सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते सामान चुकीच्या क्रमाने घेतल्यामुळे. हौशी माणूस आधी चकचकीत स्टीलचा कोनिकल फर्मेंटर (बिअर आंबवायचं निमुळत्या तळाचं भांडं) घेतो आणि तो ठेवतो कुठे, तर गॅरेजमध्ये, जिथे जुलैत तीस डिग्री सेल्सियस असतं, आणि मग बिअरला नेलपॉलिशसारखा वास का येतोय म्हणून विचारत फिरतो. त्यापेक्षा साध्या बादलीत, बेसमेंटच्या थंड कोपऱ्यात केलेली बिअर दहापट चांगली होते. म्हणून आधी स्वस्तातली पहिली बॅच कशी करायची ते सांगते आणि मग कुठल्या क्रमाने सामान वाढवायचं ते. मी मिशिगनमध्ये राहते त्यामुळे मापं, सामान सगळं इथलं आहे, पण इतर देशातल्यांनाही फार फरक पडणार नाही.

आधी कायद्याचं उरकून घेऊ कारण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दर वेळी कोणीतरी दबक्या आवाजात विचारतंच. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टरनी सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून फेडरल कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, एवढी कोण पिणार. राज्यांनी आपापला वेळ घेतला, अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ ला तयार झाले. विकायची मात्र अजिबात नाही. आणि दारू गाळणं हा पूर्ण वेगळा मामला आहे, त्या वाटेला जायचंच नाही. भारतात गेल्यावर भावाला किट भेट देऊ का असंही लोक विचारतात, तर नको. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे, त्यात लायसन्सशिवाय कुठलंही मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, तिकडे जाऊन प्यावी.

सुरुवातीचं सामान

इथला स्टँडर्ड बॅच पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटर. रेसिपी, बादल्या, केग (बिअर साठवायची स्टीलची टाकी) सगळं त्याच मापाचं मिळतं. एक गॅलनची छोटी किट पण असतात, अपार्टमेंटमध्ये जागा नसेल तर ठीक आहे, पण मेहनत जवळपास तेवढीच आणि हातात येतात दहा बाटल्या.

स्टार्टर किट साधारण शंभर ते दीडशे डॉलरला मिळतं आणि त्यात काय काय असलंच पाहिजे तर साडेसहा गॅलनची झाकणवाली फूड ग्रेड बादली (फेसाला वर जागा लागते म्हणून पाचची नाही), एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडते पण हवा आत येऊ देत नाही ती छोटी झडप), खाली तोटी असलेली दुसरी बादली, ऑटो-सायफन (बिअर ओढून दुसऱ्या भांड्यात सोडायची नळी), बॉटलिंग वाँड (बाटली भरायची दांडी), कॅपर (झाकण दाबायचं यंत्र) आणि झाकणं, हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती ते दाखवतं), थर्मामीटर, सॅनिटायझर. काचेची मोठी कार्बॉय (अरुंद तोंडाची बरणी) किटमध्ये देत असतील तर बदलून बादली मागा. ओल्या हातातून १९ लिटर भरलेली काच निसटली तर हाताला टाके पडतात, आणि काचेने बिअर काही जास्त चांगली होत नाही.

पातेलं विकत घ्यायची गरज नाही. गणपतीला ज्यात पंचवीस माणसांचा मसालेभात होतो ते पंधरा-वीस लिटरचं स्टीलचं पातेलं चालतं, फक्त तेलकटपणा आणि हिंग-मसाल्याचा वास पूर्ण गेलाय ना ते बघा.

बाटल्यांसाठी पण पैसे घालू नका. तपकिरी काचेच्या, ओपनरने उघडायच्या बाटल्या जमवत राहा, पिऊन झाल्यावर लगेच विसळून ठेवल्या की तळाला बुरशी धरत नाही. मिशिगनमध्ये बाटलीमागे १० सेंट परत मिळतात त्यावर पाणी सोडावं लागतं एवढंच. पीळ देऊन उघडतात त्या बाटल्या घ्यायच्या नाहीत, त्यावर आपलं झाकण नीट बसत नाही. हिरव्या आणि पांढऱ्या काचेच्याही नकोत, उजेड लागला की हॉप्समधला (बिअरला कडू चव आणि वास देणारी फुलं) कडवटपणा बिघडून स्कंक प्राण्यासारखा उग्र वास येतो.

धुणं वेगळं, सॅनिटाइझ करणं वेगळं

हे कंटाळवाणं आहे पण बिअर इथेच जिंकते किंवा हरते. आधी मळ काढायचा आणि मग जंतू मारायचे, मळावर कितीही सॅनिटायझर ओता, खालचे जंतू जिवंतच राहतात. धुवायला पीबीडब्ल्यू (ब्रूइंगचं सामान धुवायची पावडर) किंवा बिनवासाचं ऑक्सिक्लीन, गरम पाण्यात भिजत ठेवायचं. बादलीला तारेची घासणी लावायची नाही, ओरखड्यात जंतू घर करतात, मऊ स्पंज वापरा. मग स्टार सॅन हे सॅनिटायझर, पाच गॅलन पाण्याला एक औंस म्हणजे ३० मिली, एक-दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि विसळायचं नाही. त्याचा फेस राहतो तो राहू दे, त्याने काही होत नाही, नवीन माणूस हमखास नळाखाली धरून तो धुवून टाकतो आणि केलेलं काम वाया घालवतो. थोडं स्टार सॅन स्प्रे बॉटलमध्ये भरून ओट्यावर ठेवा, दिवसभर कामी येतं.

उकळण्याआधी ज्याला हात लागतो त्याची फार चिंता करू नका. गॅस बंद केल्यानंतर जे जे वर्टला लागेल, चमचा, गाळणी, बादली, यीस्टच्या पाकिटाचा कोपरा आणि ते कापायची कात्री, ते सगळं सॅनिटाइझ झालेलं पाहिजे. वर्ट म्हणजे यीस्ट घालायच्या आधीचं माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) गोड पाणी.

पहिली रेसिपी

अमेरिकन पेल एल या प्रकारची बिअर करा. सोपी आहे, चुका झाकते आणि एलचं यीस्ट घरातल्या तापमानाला काम करतं. लागर हा बिअरचा दुसरा प्रकार, त्याला दहा-बारा डिग्री लागतात, ती नंतर. आयपीएचा मोह पण आवरा, भरपूर हॉप्सची बिअर हवा लागली की पटकन उतरते.

लागणार काय, तर पाच पाउंड म्हणजे सव्वादोन किलो लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, अर्धा पाउंड क्रिस्टल ४० माल्ट दुकानातूनच भरडून घेतलेलं, तीन औंस कॅस्केड हॉप्स आणि यूएस-०५ यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. कॅस्केड १९७२ साली ओरेगनमधून बाहेर आला आणि अमेरिकन पेल एलला जो पपनसासारखा वास असतो तो बराचसा त्याचाच. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे धान्यातून साखर काढायचं काम कारखान्याने आधीच करून दिलेलं असतं. एक्स्ट्रॅक्टची बिअर म्हणजे लबाडी असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ताजं एक्स्ट्रॅक्ट असेल तर फरक ओळखणं अवघड जातं. डब्यातलं पातळ एक्स्ट्रॅक्ट मात्र जुनं असलं की बिअर काळपट आणि काकवीसारखी लागते म्हणून पावडर बरी.

पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामिन असतं, त्याने बिअरला बँडेजसारखा औषधी वास येतो. कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून २० लिटर पाण्यात टाकली की काम झालं.

ब्रू डे

चार तास मोकळे ठेवा आणि लहान मुलं त्या वेळात किचनबाहेर असतील असं बघा.

पातेल्यात दहा लिटर पाणी घ्या. क्रिस्टल माल्टची मलमलच्या कापडात सैलसर पुरचुंडी बांधा, चक्का टांगतो ते कापड असेल तर तेच, स्वच्छ धुतलेलं. पाणी ६५ ते ७० डिग्रीला आलं की पुरचुंडी सोडून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. उकळू द्यायचं नाही, सालातला तुरटपणा उतरतो. मग उचलून निथळू द्या.

आता गॅस बंद करून, पातेलं बाजूला घेऊनच, एक्स्ट्रॅक्ट घाला आणि ढवळत राहा. चालू गॅसवर टाकलं तर तळाला लागतं आणि जळका वास शेवटपर्यंत जात नाही. वाफेवर पाकीट धरलं की पावडरचे दगड होतात म्हणून जरा लांबून आणि भरभर ओता. सगळं विरघळलं की पुन्हा गॅसवर.

इथे हलायचं नाही. पहिली उकळी येते तेव्हा वर्ट दुधासारखं उतू जातं, आणि दूध पुसता येतं, हे शेगडीवर चिकट डांबर होऊन बसतं. फेस चढायला लागला की आच कमी करा, स्प्रे बॉटलने गार पाणी मारा. फेस एकदा खाली बसला, पृष्ठभागावर अंडं फुटल्यासारख्या गुठळ्या दिसायला लागल्या की धोका टळला, त्या प्रोटीनच्या असतात आणि चांगल्या असतात.

मग एक औंस हॉप्स टाका आणि साठ मिनिटांचं टायमर लावा. या पहिल्या हॉप्सचा फक्त कडूपणा उरतो. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की दुसरा औंस, पाच मिनिटं राहिली की तिसरा, तो वासासाठी. झाकण लावायचं नाही, उकडलेल्या मक्यासारखा जो वास येऊ शकतो तो वाफेबरोबर निघून गेला पाहिजे.

उकळून झालं की लवकरात लवकर गार करायचं. सिंक किंवा टबात बर्फाचं पाणी भरून पातेलं त्यात ठेवा, अधूनमधून पाणी बदला. हिवाळ्यात पातेलं बाहेर स्नोमध्ये खुपसायची आयडिया सगळ्यांनाच सुचते पण भोवतीचा स्नो वितळून पोकळी होते आणि मग ते नुसतं हवेत ठेवल्यासारखंच, पाणी जास्त भरभर गार करतं. २५-३० डिग्रीला आलं की बादलीत ओता, तळाचा गाळ शक्यतो मागे ठेवा, आणि आधी उकळून फ्रिजमध्ये गार केलेल्या पाण्याने १९ लिटर पूर्ण करा. आता सॅनिटाइझ केलेल्या पळीने दोन मिनिटं जोरात ढवळा, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. हवा चांगली असण्याची ही एकच वेळ.

हायड्रोमीटरवर १.०४६ च्या आसपास दिसलं पाहिजे. खूपच कमी-जास्त आलं तर घाबरू नका, जड वर्ट खाली आणि वरून घातलेलं पाणी वर राहिलं की आकडा चुकतो, एक्स्ट्रॅक्ट आणि पाणी मोजून घातलंय तर प्रत्यक्षात बरोबरच असतं. तपासलेलं सॅम्पल परत बादलीत टाकायचं नाही, पिऊन टाका. वर्ट १८-२० डिग्रीला आलंय ना ते बघून यीस्ट वर भुरभुरवा, झाकण, एअरलॉक, झालं.

आता दोन आठवडे हात बांधून बसा

आपल्या लोकांचा इथे एक हमखास घोळ होतो. थंडीत इडलीचं पीठ फुगावं म्हणून आपण ओव्हनचा दिवा लावून आत ठेवतो, म्हणून आंबवायचं म्हटलं की डोक्यात उबदार जागाच येते, आणि बादली हीटिंगच्या झरोक्याशेजारी जाऊन बसते. बिअरचं उलटं आहे. यीस्ट जितकं गरम तितकं भराभर काम करतं आणि तितकेच उग्र वास सोडतं. त्यातून यीस्ट स्वतःची उष्णता तयार करतं, पहिले दोन-तीन दिवस बादलीच्या आत खोलीपेक्षा तीन-चार डिग्री जास्त असतं. म्हणजे आत १९ पाहिजे तर खोली १६ ची. आमच्या बेसमेंटला हिवाळ्यात आपोआप तेवढं असतं म्हणून नवीन माणसाने पहिली बॅच ऑक्टोबर ते मार्चमध्ये लावावी असं माझं मत आहे. उन्हाळाच असेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवा, वरून जुना ओला टी-शर्ट चढवा आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, बिनखर्चात पाच-सहा डिग्री उतरतं.

बारा ते चोवीस तासात बुडबुडे सुरू होतात. नाही झाले तरी झाकण उघडून बघू नका, बादलीची झाकणं बऱ्याचदा बाजूने गळतात आणि एअरलॉक गप्प असतं, आत मजेत काम चालू असतं. बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असंही नाही. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर लावा, दोन-तीन दिवसांनी परत लावा, आकडा तोच असेल, १.०१० ते १.०१२, तरच पुढे जायचं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं, या बिअरचं साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. हिरव्या सफरचंदासारखा किंवा लोण्यासारखा वास येत असेल तर अजून चार-पाच दिवस राहू द्या, यीस्ट तो स्वतःच खाऊन टाकतं.

बाटल्या भरणं

बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून ११५ ग्रॅम कॉर्न शुगर दोन कप पाण्यात उकळून तोटीवाल्या बादलीत ओता आणि त्यावर सायफनने बिअर हळूच सोडा, नळी तळाला टेकवून, खळखळाट होऊ न देता. आता हवा नको आहे. तळाचा साका मागे राहू द्या, शेवटच्या अर्ध्या लिटरचा लोभ धरू नका. बॉटलिंग वाँड बाटलीत घालून काठोकाठ भरायची, वाँड बाहेर काढली की वर बरोबर पाहिजे तेवढी जागा उरते. झाकण दाबा. ४८ च्या आसपास बाटल्या होतात आणि दोघं असलात तर दीड तास.

साखर अंदाजपंचे घालू नका, वजन करून घाला, आणि आंबणं पूर्ण झाल्याशिवाय बाटलीत भरू नका, नाहीतर बाटल्या फुटतात, खरंच फुटतात, काचा उडतात. म्हणून बाटल्या झाकणवाल्या खोक्यात, २० डिग्रीच्या आसपास दोन आठवडे. मग दोन दिवस फ्रिजमध्ये, आणि ओतताना तळाचा थर बाटलीतच ठेवायचा.

आता अपग्रेड

मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची बिअर पिता ना, लॅरी बेलने १९८३ ला कॅलमझूमध्ये होमब्रूइंगच्या सामानाचं दुकान टाकलं आणि १९८५ ला विकायला काढलेली पहिली बिअर १५ गॅलनच्या सूपाच्या पातेल्यात केलेली होती. म्हणजे भांड्यावाचून काही अडत नाही. नियम एवढाच ठेवा की मागच्या बॅचमध्ये काय खटकलं ते बघून पुढची वस्तू घ्यायची.

पहिला खर्च तापमानावर. जुना फ्रिज किंवा चेस्ट फ्रीझर सेकंडहँड घ्या, इंकबर्डसारखा दोन प्लगचा तापमानाचा कंट्रोलर लावा, एकात फ्रीझर, दुसऱ्यात हीटिंग बेल्ट. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) हवेत लोंबकळत ठेवायचा नाही, बादलीच्या बाजूला, बिअरच्या पातळीखाली चिकटवून वरून फोमचा तुकडा टेपने लावायचा, म्हणजे तो हवेचं नाही तर बिअरचं तापमान मोजतो. कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू होण्याआधीचा वेळ) पाच मिनिटं तरी ठेवा, नाहीतर फ्रीझर लवकर मरतो. या एका खरेदीने बिअर जेवढी सुधारते तेवढी बाकी कशानेच सुधारत नाही, आणि मग लागर पण जमते.

दुसरं, तांब्याचा इमर्शन चिलर (वर्टमध्ये बुडवून आतून गार पाणी फिरवायची नळीची गुंडाळी) आणि मोठं पातेलं, हे दोन्ही एकत्रच घ्यायचं कारण पूर्ण १९ लिटर उकळायला लागलात की सिंकमधल्या बर्फाने ते गार होत नाही. पातेलं घेताना आठ गॅलनचं घेऊन दोन वर्षांनी परत दहाचं घेणारे खूप बघितलेत, सरळ दहाचं घ्या. आणि त्याआधी घरच्या शेगडीवर २५ लिटर पाणी खळखळ उकळतं का ते मापून बघा, बऱ्याच इलेक्ट्रिक शेगड्यांना ते झेपत नाही. प्रोपेन बर्नर घेतला तर तो उघड्यावरच, गॅरेजचं दार उघडं ठेवून आतमध्ये वगैरे नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दहा गॅलनचं पातेलं आलं की ऑल-ग्रेन, म्हणजे एक्स्ट्रॅक्टऐवजी थेट धान्यापासून बिअर करणं, तुमच्या हातात आहे, फक्त एक मोठी जाळीची पिशवी लागते. या पद्धतीला ब्रू इन अ बॅग म्हणतात, ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी ती रुजवली. वरच्याच पेल एलसाठी एक्स्ट्रॅक्टऐवजी ४ किलो पेल माल्ट घ्या, क्रिस्टल तेवढंच. २७ लिटर पाणी ७० डिग्रीला आणा, पिशवी लावून धान्य ओता, गोळे मोडत ढवळा, तापमान ६७ वर स्थिरावतं. गॅस बंद, पातेलं शेगडीवरून खाली, आणि तासभर गुंडाळून ठेवा, माझ्याकडे त्यासाठी एक जुनी गोधडी आहे, तासाला एखादी डिग्रीच उतरते. मग पिशवी उचलून निथळवा, पिळली तरी चालते, आणि पुढचं सगळं तसंच. साखर कमी उतरली तर आधी दळण बघा, दाणे अख्खे राहिलेले असतात. दुकानदाराला दोनदा भरडून द्यायला सांगा. स्वतःची गिरणी घ्यायची घाई नको, पोत्याने माल्ट आणायला लागलात की मग घ्या.

ग्रेनफादर, ब्रूझिला, अॅन्व्हिल फाउंड्री अशी ऑल-इन-वन इलेक्ट्रिक मशीन असतात, चांगली आहेत, पण त्याने बिअर चांगली होत नाही, दिवस सोपा होतो. १२० व्होल्टवर उकळी यायला फार वेळ लागतो, २४० चं कनेक्शन असेल तरच मजा. कोनिकल फर्मेंटर मी कोणालाच सुचवत नाही.

बाटल्या धुवून जीव मेटाकुटीला आला की केग. पाच गॅलनचा कॉर्नी केग, पाच पाउंडचा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड) सिलेंडर, रेग्युलेटर, नळ्या, आणि तो ठेवायला एक फ्रिज. बिअर भरली की सीओटू सोडून वरचा व्हॉल्व्ह चार-पाच वेळा ओढायचा, आतली हवा निघून जाते. मग ३-४ डिग्रीला १० ते १२ पीएसआय दाबावर दहा-पंधरा दिवस, साखर नाही, तळाला साका नाही. सगळ्या जोडांवर स्टार सॅन मारून बुडबुडे येतात का बघा, नाहीतर सिलेंडर एका रात्रीत रिकामा. जुने सोड्याचे केग स्वस्त पडतात, कोकचे पिन लॉक आणि पेप्सीचे बॉल लॉक, दोन्हींची कनेक्शन वेगळी, एकच प्रकार धरून राहा. सगळ्या रबरी रिंगा काढून नव्या घाला, रूट बिअरचा वास रबरात मुरलेला असतो आणि तो धुवून जात नाही.

ग्लासात नुसता फेस यायला लागला तर प्रेशरशी खेळायच्या आधी नळी बघा, स्वस्त सेटमध्ये ती हातभरच देतात. ३/१६ इंची नळी सुरुवातीला तीन मीटर लावा, आणि धार फारच हळू पडत असेल तर अर्धा-अर्धा फूट कापत जा.